इंधन घटातली रेघ

बारावीच्या रसायनशास्त्रात विद्युत-रसायनाच्या प्रकरणात हायड्रोजन-ऑक्सिजनचा इंधन घट येतो. आपण फळ्यावर आकृती काढतो, दोन अर्ध-अभिक्रिया लिहितो, १.२३ व्होल्ट हा आकडा काढून दाखवतो. मग फायदे सांगतो : धूर नाही, फिरणारे भाग नाहीत, वाफेच्या यंत्राला असते तशी कार्यक्षमतेची मर्यादा नाही. आणि मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "सर, एवढं सगळं आहे तर मग विजेसाठी अजून कोळसा का जाळतात?"

"महाग पडतं," असे सांगून आपण पुढच्या मुद्द्याकडे वळतो. हे उत्तर खोटे नाही, पण अर्धे आहे. महाग का पडते? हायड्रोजन मिळवावा लागतो, साठवावा लागतो, हा एक भाग झाला. दुसरा भाग घटाच्या आतच आहे. १.२३ व्होल्ट हा आकडा घटातून काहीच विद्युतधारा घेतली नाही तर जास्तीत जास्त किती विभवांतर मिळेल ते सांगतो. धारा घेऊ लागलो की विभवांतर उतरते. किती उतरते ते बऱ्याच अंशी इलेक्ट्रोडवरची अभिक्रिया किती वेगाने होते यावर ठरते, आणि त्याबद्दल हा आकडा अवाक्षरही काढत नाही.

वर्गात हे पाच मिनिटांत दाखवता येते. ग्लासभर पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवा. (मीठ नको, त्यातून क्लोरीन निघतो.) दोन्ही टोके तासलेल्या दोन पेन्सिली त्यात बुडवा आणि वरच्या टोकांना ९ व्होल्टची बॅटरी जोडा. शिशावर बुडबुडे जमतात. मिनिटभराने बॅटरी काढा आणि त्याच टोकांना मल्टिमीटर लावा. व्होल्टभर किंवा त्याहून थोडे जास्त विभवांतर दिसेल. हाच इंधन घट. आता मल्टिमीटर तसाच ठेवून एखादा छोटा बल्ब जोडा. बल्ब पेटत नाही आणि काटा (किंवा आकडा) खाली कोसळतो. विभवांतर होते, पण मागणी येताच घटाला ती पुरी करता आली नाही.

विल्यम ग्रोव्ह याच अडचणीपाशी येऊन पोहोचला होता. ग्रोव्ह हा वेल्समधल्या स्वान्सीचा, शिक्षणाने वकील, पुढे न्यायाधीशही झाला. पाण्याचे विद्युत अपघटन केल्यावर मिळालेले वायू प्लॅटिनमच्या पट्ट्यांवर ठेवले तर उलट दिशेने वीज मिळते, हे त्याने १८३९ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच सुमारास बाझेलच्या शॉनबाइननेही असेच निरीक्षण नोंदवले होते, त्यामुळे शोधाचे श्रेय दोघांत कसे वाटायचे यावर बरेच लिहिले गेले आहे. आम्हांला त्या वादापेक्षा ग्रोव्हचा १८४२ सालचा लेख महत्त्वाचा वाटतो. त्यात त्याने अशा ५० घटांची 'वायू-बॅटरी' बांधली. पाच माणसांनी हात धरून साखळी केली तर सगळ्यांना झटका जाणवे. पण पाण्याचे अपघटन करायला त्याला किमान २६ घट लागले. नुसत्या विभवांतराचा हिशोब केला तर दोन-तीन घट पुरायला हवेत!

ग्रोव्हने कारण बरोबर ओळखले. प्लॅटिनमची साधी पट्टी आम्लात अर्धी बुडालेली, अर्धी वायूत. अभिक्रिया होणार कुठे? वायूत असलेल्या भागाला आम्लाचा स्पर्श नाही. आम्लात बुडालेल्या भागाला वायूचा नाही. प्लॅटिनम, आम्ल आणि वायू तिघे एकत्र येतात ते फक्त पाण्याच्या पातळीच्या रेघेवर. विहिरीच्या भिंतीवर पाण्याची रेघ दिसते ना, तशी. पट्टी केवढीही मोठी असली तरी तिच्यावर कामाची जागा म्हणजे ही एक रेघ. म्हणून ग्रोव्हने प्लॅटिनमवर प्लॅटिनमचाच खडबडीत, काळा थर चढवला. त्या थरात आम्ल केशाकर्षणाने वर चढते आणि एका रेघेच्या असंख्य बारीक रेघा होतात.

आज या रेघेला 'तिहेरी सीमारेषा' म्हणतात. पुढची सगळी कथा ती लांब कशी करायची आणि तिच्यावरचे काम वेगाने कसे व्हायचे याची आहे.

१८८९ मध्ये लुडविग मॉन्ड आणि कार्ल लँगर यांनी द्रवाऐवजी आम्लात भिजवलेली सच्छिद्र पट्टी घेतली आणि तिच्या दोन्ही अंगांना प्लॅटिनमची काळी पूड लावली. घटामागे ०.७३ व्होल्टच्या आसपास विभवांतर मिळाले आणि धाराही ग्रोव्हपेक्षा पुष्कळ चांगली. पण त्यांना चालवायचा होता तो कोळशापासून काढलेला स्वस्त वायू. त्यातला कार्बन मोनॉक्साइड प्लॅटिनमच्या पृष्ठाला चिकटून बसे आणि जागा अडवून ठेवी. गंमत अशी की, पुढच्याच वर्षी याच दोघांचे नाव कार्बन मोनॉक्साइड आणि निकेल यांच्या संयुगामुळे गाजले. निकेल या कथेत पुन्हा येणार आहे.

कोळशाचा मोह मात्र सुटत नव्हता. १८९४ साली विल्हेल्म ऑस्टवाल्ड यांनी जर्मनीतल्या विद्युत-अभियंत्यांपुढे भाषण केले. वाफेचे यंत्र कोळशातल्या ऊर्जेपैकी जेमतेम दहावा हिस्सा कामी लावते आणि बाकीची उष्णता, धूर आणि काजळी यांत घालवते. कोळशाची वीज सरळ घटातच का करू नये? भाषण गाजले. दोनच वर्षांनी अमेरिकेत विल्यम जॅक्स या अभियंत्याने लोखंडी भांड्यांत वितळलेला कॉस्टिक सोडा घेऊन त्यात कोळशाचे दांडे उभे केले आणि खालून हवा फुंकली. तापमान ४००-५०० अंश सेल्सिअस. असे शंभर घट जोडून त्याने सुमारे दीड किलोवॉट वीज काढली आणि कार्यक्षमता ८२ टक्के असल्याचा दावा केला. भांडी तापवणाऱ्या भट्टीचा आणि हवेच्या पंपाचा खर्च त्याने धरला नव्हता. तो धरल्यावर आकडा ८ टक्क्यांवर आला. शिवाय पुढे फ्रिट्झ हाबर यांनी दाखवून दिले की, घटात कोळसा सरळ कामच करत नव्हता. कॉस्टिक सोड्याशी त्याची अभिक्रिया होऊन हायड्रोजन निघत होता आणि वीज होत होती ती हायड्रोजनची. सोड्याचा कार्बोनेट होत जाई आणि घट बंद पडे. जॅक्सला पुस्तकांत हसण्यावारी नेले जाते, ते आम्हांला पटत नाही. तापवले की इलेक्ट्रोड जागे होतात, महाग प्लॅटिनमही लागत नाही, हे त्याच्या काळ्याकुट्ट भांड्यांनी दाखवलेच.

तापवल्याने काय होते ते समजून घेऊ. १९०५ मध्ये यूलियस टाफेल यांनी एक साधा नियम मांडला. इलेक्ट्रोडवरची धारा दसपट करायची असेल तर विभवांतरातून एक ठरावीक रक्कम मोजावी लागते. पुन्हा दसपट करायची, तर पुन्हा तेवढीच रक्कम. आपल्या पेन्सिलींच्या घटाने बल्ब पेटवताना ही रक्कम भागवता भागवता सगळी पुंजी संपवली. उत्प्रेरक चांगला असेल, रेघ लांब असेल किंवा तापमान जास्त असेल तर सुरुवातीची धाराच मोठी मिळते, मग कमी मोजावे लागते. तापमानाचा परिणाम आऱ्हेनियसच्या सूत्राने काढता येतो. सक्रियण ऊर्जा मोलमागे १४५ किलोज्यूल असलेली अभिक्रिया ७०० अंश सेल्सिअसवरून १,००० अंशांवर नेली तर तिचा वेग सुमारे ६८ पट होतो. (हे गणित विद्यार्थ्यांना जरूर करायला द्यावे. तापमान केल्व्हिनमध्ये घ्यायचे विसरतात तेही कळते.)

याची किंमतही आहे. हायड्रोजन-ऑक्सिजनच्या घटाचे कमाल विभवांतर खोलीच्या तापमानाला १.२३ व्होल्ट असते, ते १,००० अंशांना ०.९२ व्होल्टवर येते. म्हणजे ऊष्मागतिकी जे देऊ करते ते तापमान वाढवल्यावर कमी होते, पण त्यातले हाती लागते ते वाढते. विद्यार्थ्यांच्या मनात ही दोन खाती वेगळी झाली पाहिजेत. पुष्कळदा ती शिक्षकांच्याही मनात वेगळी झालेली नसतात. आमच्या तरी बरीच वर्षे नव्हती.

पण हजार अंशांवर आम्ल, पाणी काहीच टिकत नाही. मग आयन वाहून नेणार कोण? याचे उत्तर एका दिव्यातून आले. वाल्टर नेर्न्स्ट यांनी १८९७ मध्ये पांढऱ्या सिरॅमिकच्या कांडीचा दिवा केला. झिर्कोनियात सुमारे १५ टक्के यिट्रिया मिसळून केलेली ही कांडी थंड असताना वीज वाहून नेत नाही. आधी काडीने किंवा तारेने तापवायची, मग ती वीज नेऊ लागते आणि लख्ख प्रकाश देते. टंगस्टनच्या तारेने हा दिवा लवकरच मागे टाकला. त्या कांडीतून वीज नेतात ते ऑक्सिजनचे आयन, हे १९४३ मध्ये कार्ल वाग्नर यांनी स्पष्ट केले. झिर्कोनियमच्या जागी यिट्रियम बसले की त्याचा विद्युतभार कमी पडतो, ती तूट भरून काढायला स्फटिकातल्या ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या राहतात. तापल्यावर ऑक्सिजनचे आयन या रिकाम्या जागांतून उड्या मारत पुढे सरकतात.

झ्युरिकच्या तंत्रविद्यापीठात एमिल बाउर यांनी वितळलेली चांदी, वितळलेले कार्बोनेट असे नाना प्रकार करून पाहिले होते. वितळलेले क्षार भांडी खातात, गळतात, वाफ होऊन उडतात. शेवटी वैतागूनच म्हणा, पूर्ण घट घन पदार्थांचा करायचे त्यांनी ठरवले. १९३७ मध्ये बाउर आणि प्राइस यांनी नेर्न्स्टच्या झिर्कोनियाच्या नळ्या घेतल्या, इंधनाच्या बाजूला कोळसा किंवा लोह आणि हवेच्या बाजूला मॅग्नेटाइट हे लोहाचे ऑक्साइड वापरले आणि सुमारे १,००० अंशांवर घट चालवला. विभवांतर मिळाले. धारा मात्र नगण्य! वितळलेल्या क्षारांची वाट पुढे हॉलंडमध्ये ब्रूर्स आणि केटलार यांनी चालू ठेवली, तो स्वतंत्र विषय आहे.

बाउर यांच्या घटाला द्रव नव्हता, म्हणजे गळती नव्हती. पण ग्रोव्हची रेघ परत आली, आणि ती अधिक कठीण होऊन आली. ग्रोव्हचे आम्ल निदान केशाकर्षणाने वर चढत होते. घन झिर्कोनिया जिथे आहे तिथेच राहतो. हवेच्या बाजूला ऑक्सिजनचा रेणू येणार, पृष्ठाला चिकटणार, त्याचे दोन अणू सुटे होणार, प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन घेणार आणि झिर्कोनियातल्या रिकाम्या जागेत शिरणार. इलेक्ट्रॉन येणार ते इलेक्ट्रोडमधून, आयन जाणार ते झिर्कोनियातून, वायू येणार तो छिद्रांतून. या तीन वाटांचा तिठा जिथे आहे तिथेच हे घडणार, आणि यातली सर्वांत संथ पायरी सगळ्यांचा वेग ठरवणार.

(एक सूचना. विद्युत अपघटनात 'धनाग्र' म्हणून शिकवलेला ॲनोड इंधन घटात ऋण टोक असतो. विद्यार्थी इथे हमखास गडबडतात, म्हणून आम्ही या लेखात इंधनाकडचा आणि हवेकडचा इलेक्ट्रोड एवढेच म्हणतो.)

१९६२ मध्ये अमेरिकेत वेस्टिंगहाउस कंपनीच्या वाइसबार्ट आणि रुका यांनी घन घट नीट चालवून दाखवला, पण इलेक्ट्रोड प्लॅटिनमचे होते. स्वस्त काय वापरायचे? इंधनाकडे निकेल उत्तम. हायड्रोजनचा रेणू त्यावर सहज फुटतो. पण हजार अंशांवर निकेलचे कण एकमेकांत मिसळून मोठे होतात, छिद्रे बुजतात. शिवाय तापल्यावर निकेल झिर्कोनियापेक्षा जास्त प्रसरण पावते, त्यामुळे थर सुटून येतो. यावरचा उपाय जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या स्पॅसिल यांनी सुचवला, त्याचे पेटंट १९७० मध्ये मिळाले. निकेलच्या पुडीत झिर्कोनियाचीच पूड मिसळायची. झिर्कोनियाचा सांगाडा निकेलच्या कणांना एकमेकांपासून दूर धरतो, प्रसरणातला फरक कमी करतो, आणि मुख्य म्हणजे आयनांची वाट इलेक्ट्रोडच्या आत घेऊन जातो. मग रेघ फक्त दोन थरांच्या सांध्यावर राहत नाही, जाळ्यासारखी आत पसरते. घनफळाच्या सुमारे तीस टक्के निकेल असावे लागते, त्याहून कमी झाले तर कणांची साखळी तुटते आणि इलेक्ट्रॉनांना बाहेर पडायला वाट राहत नाही. उपाय इतका साधा आणि इतका पुरेसा होता की, थोड्याफार फरकाने तो आजही वापरला जातो.

हवेकडे लँथॅनम, स्ट्राँशियम आणि मँगनीज यांचे मिश्र ऑक्साइड पक्के झाले. या जोडीवर वेस्टिंगहाउसने लांब नळ्यांचे घट केले. पुढे सीमेन्सच्या हाती गेलेल्या या विभागाचा सुमारे १०० किलोवॉटचा संच १९९० च्या दशकाच्या अखेरीस नेदरलँड्समधल्या वेस्टरफोर्ट इथे सोळा हजारांहून अधिक तास चालला. कार्यक्षमता सुमारे ४६ टक्के. ऑस्टवाल्ड यांनी ज्या यंत्रांची तक्रार केली होती त्यांच्या साडेचार पट! पण दरम्यान ती यंत्रेही थांबली नव्हती. वायू आणि वाफ अशा दोन्ही टर्बाइनांची जोड असलेली केंद्रे ६० टक्क्यांच्याही पुढे गेली. मागच्या बाकावरच्या प्रश्नाला हेही उत्तर द्यायला हवे : घट सुधारत असताना प्रतिस्पर्धी झोपलेला नव्हता.

स्वस्त व्हायचे तर तापमान उतरवायला हवे होते. हजार अंशांवर महाग मिश्रधातू आणि सिरॅमिक लागतात, सातशेवर साधे पोलाद चालते. झिर्कोनियाचा थर काही मायक्रोमीटर इतका पातळ केला की कमी तापमानातही त्याचा रोध फारसा उरत नाही. पण इलेक्ट्रोड पातळ करून भागत नाही. वर काढलेले ६८ पटींचे गणित इथे उलटे फिरते, आणि सर्वांत जास्त फटका हवेकडच्या इलेक्ट्रोडला बसतो. मँगनीजचे ऑक्साइड इलेक्ट्रॉन छान नेते, ऑक्सिजनचे आयन जवळजवळ नेतच नाही, म्हणून त्याला रेघेवाचून गती नाही. मँगनीजऐवजी कोबाल्ट आणि लोह घातले तर तोच पदार्थ इलेक्ट्रॉन आणि आयन दोन्ही नेतो. मग ऑक्सिजन कणाच्या पृष्ठावर कुठेही आत शिरू शकतो, रेघेचे क्षेत्रफळ होते! १९९६ मध्ये ॲडलर, लेन आणि स्टील यांनी हे क्षेत्र किती खोलवर कामाला येते त्याचे गणित मांडले. आता या कोबाल्टवाल्या पदार्थाची झिर्कोनियाशी अभिक्रिया होऊन मधे वीजरोधक थर तयार होतो, म्हणून दोघांच्या मधे सिरियाचा आणखी एक थर द्यावा लागतो. एक अडचण सोडवली की दुसरी उभी राहते, असा हा प्रकार.

इंधनाकडे मात्र रेघच राहिली. पण अभिक्रिया खरोखर रेघेवरच होते याला पुरावा काय? सच्छिद्र इलेक्ट्रोडमध्ये रेघ मोजणार कशी? जपानमध्ये मिझुसाकी आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये यावर फार सुंदर प्रयोग केला. झिर्कोनियावर निकेलच्या सरळ पट्ट्या, इलेक्ट्रॉनिक चिप करतात त्या तंत्राने, मोजून-मापून काढल्या. पट्ट्या अरुंद आणि जास्त केल्या की निकेलचे क्षेत्रफळ तेवढेच राहूनही कडांची लांबी वाढते. अभिक्रियेचा वेग कडांच्या लांबीच्या प्रमाणात वाढला. ग्रोव्हच्या रेघेला दीडशे वर्षांनी फूटपट्टी लागली. बाउर यांच्याच झ्युरिकच्या संस्थेतही अशाच पट्ट्यांवर पुढे काम झाले.

मग २००६ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या गटाने खऱ्या इलेक्ट्रोडचे आयनांच्या झोताने पापुद्रे काढत, प्रत्येक पापुद्र्याचे छायाचित्र घेत, त्रिमिती चित्र तयार केले आणि रेघेची लांबी मोजली. एका घन सेंटिमीटरमध्ये ती ४,२८० किलोमीटर भरली. काश्मीरच्या टोकापासून कन्याकुमारीपर्यंत भारताची लांबी ३,२१४ किलोमीटर आहे. ग्रोव्हच्या पट्टीवर ती काही मिलिमीटर होती.

लांबी कळली, तरी त्या रेघेवर नेमके काय घडते हे अजून पुरते ठरलेले नाही. हायड्रोजनचा अणू निकेलवरून उडी मारून झिर्कोनियाकडे जातो, की ऑक्सिजन तिकडून निकेलवर येतो? एकाच प्रकारच्या इलेक्ट्रोडसाठी वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे आकडे कितीतरी पटींनी वेगळे आले. डेन्मार्कमध्ये रिसो इथल्या संशोधकांना याचे एक कारण सापडले. निकेलमध्ये आणि झिर्कोनियात सिलिकासारखी अशुद्धी अगदी अल्प असते. तापल्यावर ती पृष्ठावर येते आणि सरकत सरकत नेमकी रेघेवर जाऊन बसते, वरंब्यासारखी. म्हणजे दोन प्रयोगशाळा एकच अभिक्रिया मोजत आहेत असे समजत होत्या आणि खरे तर आपापल्या भट्टीतला मळ मोजत होत्या. प्रयोगवहीत 'रसायनाची शुद्धता' हा रकाना का भरायचा असे विद्यार्थी विचारतात, तेव्हा हा दाखला द्यायला बरा.

हाच घट उलटा चालवता येतो : वीज द्यायची आणि वायूतला ऑक्सिजन सुटा करायचा. के. आर. श्रीधर हे तिरुचिरापल्लीला अभियांत्रिकी शिकून अमेरिकेत गेले आणि मंगळावरच्या हवेतून ऑक्सिजन काढण्याच्या यंत्रावर त्यांनी काम केले. नंतर तेच तंत्र सुलटे करून त्यांनी २००१ मध्ये इंधन घटांची कंपनी काढली, ती पुढे ब्लूम एनर्जी या नावाने ओळखली गेली. मंगळावर असा घट प्रत्यक्ष चालला तो २०२१ मध्ये, 'पर्सिव्हरन्स' गाडीवरच्या 'मॉक्सी' या उपकरणात, सुमारे ८०० अंशांवर. पहिल्या खेपेला ५.४ ग्रॅम ऑक्सिजन निघाला. विभवांतर फार वाढू नये याची तिथे दक्षता घ्यावी लागे, कारण तसे झाले की कार्बन मोनॉक्साइड फुटून काजळी इलेक्ट्रोडवरच साचते.

पृथ्वीवर अशा उलट्या घटांनी वाफेपासून हायड्रोजन काढण्याचे मोठे प्रयोग चालू आहेत. हजारो तास चालवल्यावर घट कापून पाहिले, तर झिर्कोनियाच्या थराला लागून असलेले निकेल तिथून हललेले दिसते. ते हळूहळू थरापासून दूर सरकते आणि जिथे रेघ सर्वांत जास्त कामाची असते नेमक्या त्या पट्ट्यात ती तुटत जाते. निकेल कोणत्या रूपात सरकते, पृष्ठावरून की वायूतून, आणि त्याला तिथून ढकलते कोण, यावर वाद चालू आहे.